वळणावर कळेल

त्या सकाळी गाडी दोनदा धुतली गेली. आधी वहिनीने धुतली. ती चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात दादाने पुन्हा धुतली. वहिनी कप घेऊन बाहेर आली तेव्हा तो बोनेटवर कोरडं फडकं फिरवत होता.

"मी धुतली होती," वहिनी म्हणाली.

"दिसलं ते. म्हणूनच पुन्हा धुवायला लागली."

"म्हणजे ती पास व्हावी असं तुम्हालाही वाटतंय."

"गाडी स्वच्छ असावी एवढंच मला वाटतं," दादा म्हणाला आणि चाकाच्या टोपणाशी जाऊन बसला, म्हणजे तोंड दिसायला नको.

ऑफिसच्या पायरीवर बसलेल्या धाकटीला हसू आवरेना. चाळिशी उलटली होती तरी या घरात ती धाकटीच होती. तिकडे, ती ज्या निवाऱ्यात काम करायची त्या मुलींच्या घरात, तिला सगळ्या ताई म्हणत. तिथे ती हळू बोलायची, हळू चालायची, दारावर टकटक केल्याशिवाय आत जायची नाही. पण बापाच्या या ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात पाऊल टाकलं की तिचे पाय आपोआप भराभर पडायला लागत. आज तर परीक्षा आपलीच असल्यासारखा तिचा जीव वरखाली होत होता.

परीक्षा होती शिट्टीची.

शिट्टी हे काही तिचं पहिलं नाव नव्हे. मुलींच्या घरात आलेल्या प्रत्येकीला स्वतःसाठी नवं नाव निवडायची मुभा होती, कारण जुनं नाव नको त्या माणसांनी हाका मारून मारून मळवलेलं असायचं. बाकीच्या मुली फुलांची नाहीतर ताऱ्यांची नावं घेत. हिने पुढच्या दोन दातांच्या फटीतून एक बारीक सूर काढून दाखवला आणि म्हणाली, "हेच." तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका बंद खोलीतून नुकतीच सुटून आली होती. आता ती एकोणीसची झाली होती. मन लागलं की तो सूर अजून वाजायचा. भाजी चिरताना वाजायचा, गणित सोडवताना वाजायचा, आणि गेले काही महिने गाडी चालवताना वाजायचा.

गाडी शिकायचं वेड तिच्या डोक्यात शिरलं ते एका व्हॅनमुळे. मुलींच्या घराला कोणीतरी व्हॅन भेट दिली होती. तिच्यासाठी ड्रायव्हर ठेवून पाहिला; भला माणूस होता बिचारा, गाणी म्हणायचा, मुलींना हसवायचा. पण व्हॅनचं ते सरकतं दार खाडकन बंद झालं की लहानग्यांचे चेहरे पांढरेफटक पडत. एकीने तर हात दारात घातला, ते बंद होऊ नये म्हणून. तेव्हापासून व्हॅन ताडपत्रीखाली उभी होती आणि लहानग्यांचं जग फाटकापाशी संपत होतं. आता महिनाअखेरपर्यंत चालवणारं कोणी मिळालं नाही तर ती दुसऱ्या संस्थेला जायची होती. शिट्टी एक दिवस जेवताना म्हणाली, "मी चालवते. माझ्याबरोबर येतील त्या."

धाकटीने मग हात धरून तिला इथे आणलं. आपल्याच बापाचं ड्रायव्हिंग स्कूल असताना दुसरीकडे कशाला जायचं?

पण या स्कूलची एक रीत होती, आजोबांपासूनची. सरकारी परीक्षेला पाठवायच्या आधी शिकाऊ माणसाची घरची परीक्षा व्हायची. शेजारच्या सीटवर मास्तर, म्हणजे धाकटीचे बाबा. त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक. मागच्या सीटवर घरातली माणसं, साक्षीला. ज्याने शिकवलं त्याने मात्र गाडीत बसायचं नाही; शिट्टीला शिकवलं होतं वहिनीने. आणि सगळ्यात मोठा नियम असा की शिकाऊ माणसाने कुठे जायचं ते विचारायचं नाही. मास्तर ऐन वेळी सांगणार, डावीकडे घे, उजवीकडे घे. कोणी चुकून विचारलंच, तर ठरलेलं उत्तर होतं: "वळणावर कळेल."

आजोबा म्हणायचे, जायचं ठिकाण कळलं की माणूस मनाने आधीच तिथे पोचतो, आणि गाडी बिचारी रस्त्यावर एकटी राहते.

या तीन शब्दांवर घराच्या तीन पिढ्या हसत आल्या होत्या. आज जेवायला काय? वळणावर कळेल. परीक्षेत किती मार्क पडले? वळणावर कळेल. वहिनीला दिवस गेले होते तेव्हा मुलगा की मुलगी असं विचारणाऱ्या शेजारणीला दादाने हेच ऐकवलं होतं.

मागच्या महिन्यात शिट्टी घरच्या परीक्षेला बसली ती हसतखेळत. पहिली काही वळणं तिने अशी घेतली की दादाही मागे सैलावून बसला. मग मोठ्या रस्त्याला लागताना तिचा सूर बंद पडला. पुढच्याच क्षणी तिने भर रस्त्यात ब्रेक दाबला, चावी काढली आणि खिडकीतून बाहेर भिरकावली. मागून येणारा ट्रक कसाबसा वळून गेला. दादा रांगत रांगत गटाराच्या कडेला चावी शोधत होता. शिट्टीला काही विचारायचं नाही, ती सांगेल तेव्हा सांगेल, असं धाकटीने घरी सगळ्यांना बजावलं. तरी तिला स्वतःला एकच प्रश्न खात होता: काय चुकलं?

"पुन्हा चावी फेकली तर?" चाकाशी बसूनच दादाने आता विचारलं.

"फेकणार नाही," वहिनी म्हणाली.

"तुला काय माहीत? तू गाडीत नव्हतीस. तो ट्रक माझ्या कानाजवळून गेला. मी त्या पोरीच्या वाईटावर नाहीये. पण तिच्या मागे बसायची मला भीती वाटते, हे खरं आहे."

"मग नका बसू. मी बसते," दारातून आवाज आला.

आई होती. पायात बाहेरचे बूट, हातात पर्स.

दादा उठून उभा राहिला. "तू? आई, तुला गाडी लागते. दोन चौक गेले नाहीत तोवर तू खिडकीतून डोकं बाहेर काढतेस."

"गाडी नाही लागत मला. तुझ्या बाबांनी न सांगता नेलेली गाडी लागते. पन्नास वर्षं मी त्या सीटवर बसून अंदाज बांधतेय, हे आता दवाखान्यात नेतायत की नणंदेकडे. पोट ढवळणार नाही तर काय होईल?"

धाकटीने चमकून आईकडे पाहिलं. पण तेवढ्यात मास्तर बाहेर आले.

मास्तर सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, पांढऱ्याशुभ्र शर्टातले. परीक्षेच्या दिवशी ते काळे नाडीचे बूट घालत. त्या बुटांचीही एक कथा होती. मास्तर कधी कोणाला तोंडाने पास म्हणत नसत. गाडी चालू असतानाच खाली वाकायचे, नाड्या सोडायचे, बूट काढायचे आणि सीटवर दोन्ही पाय वर घेऊन चक्क मांडी घालून बसायचे. आता या गाडीला माझ्या ब्रेकची गरज नाही, असा त्याचा अर्थ. मास्तरांची मांडी बघून भर चौकात रडणारी मोठमोठी माणसं धाकटीने लहानपणी मागच्या सीटवरून पाहिली होती.

"कुठे आहे परीक्षार्थी?" मास्तरांनी विचारलं.

शिट्टी ऑफिसच्या मागून आली. तोंड धुतलेलं, केस घट्ट बांधलेले. धाकटीजवळून जाताना हळूच म्हणाली, "ताई, आज मी बोलणार आहे. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"शपथ?"

"शपथ."

शिट्टी मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. गाडीत बसली नाही.

"मास्तर, आज आपण कुठे जायचं?"

दादाच्या हातातलं फडकं जागीच थांबलं.

"अगं," दादाने घाईघाईने सावरून घेतलं, "तो नियम आहे. वहिनीने सांगितला असेल ना तुला? परीक्षेला ते विचारायचं—"

"माहितीय." शिट्टीने मास्तरांवरची नजर हलवली नाही. "मागच्या वेळीही मी विचारलं होतं. मोठ्या रस्त्याच्या आधी. तुम्ही म्हणालात, वळणावर कळेल. आणि मागे सगळे हसले."

मागच्या वेळी धाकटीही मागच्या सीटवर होती. तीही हसली होती. घरातला तो विनोदच होता, त्यावर हसू यायचंच.

"मला नेलं ना," शिट्टी म्हणाली, "ती आमच्या ओळखीची बाई होती. वाईट नव्हती बोलायला. गाडीत मला पुढे बसवलं, खिडकी उघडून दिली. मी विचारलं, मावशी, कुठे जायचं? ती म्हणाली, कळेल की तिथे गेल्यावर. मग प्रत्येक वळणाला मी विचारायचे आणि ती हसायची." ती थांबली. बोटांनी तिने शर्टाची कड सरळ केली. "चावी माझ्या हातात असती तर कोणालाच पुढे जाता आलं नसतं. तेव्हा नव्हती. म्हणून मागच्या वेळी फेकली. दादा, तुम्हाला गटारात शोधायला लागली, त्याचं मला वाईट वाटलं."

दादाने हातातलं फडकं उगाचच पिळलं. ते कोरडंच होतं.

धाकटीला मात्र कोणीतरी थाडकन तोंडात मारल्यासारखं झालं. मुलींच्या घरातला पहिला नियम तिने स्वतः घातला होता. कोणत्याही मुलीला कुठेही न्यायचं, मग दवाखाना असो नाहीतर समोरचं दुकान, तर आधी चार गोष्टी सांगायच्या. कुठे, कोणाबरोबर, किती वेळ, आणि परत कसं. नवीन बाई कामाला आली की धाकटी तिच्याकडून हे पाठ करून घ्यायची. कोणी विसरलं तर तिचा आवाज चढायचा, एरवी कधी न चढणारा. आणि त्याच धाकटीने या मुलीला आणून बसवलं होतं अशा माणसाच्या शेजारी, ज्याने उभ्या जन्मात कोणाला कुठे ते सांगितलं नव्हतं! एका घरात ती जन्मली, दुसऱ्यात राबली. दोन्हीकडचे नियम तिच्या अंगात श्वासासारखे मुरले होते, आणि म्हणूनच ते एकमेकांवर आदळतायत हे तिला कधी दिसलं नाही.

तिला बोलायचं होतं. बाबांना समजावायचं होतं, शिट्टीची माफी मागायची होती, सगळं एका दमात. पण शपथ घातली होती. तिने ओठ मिटून घेतले.

"शिकवताना कसं काही झालं नाही मग?" मास्तरांनी विचारलं. आवाज कोरडा होता. रागावल्यासारखा वाटत होता, पण धाकटीला तो माहीत होता. काही नवीन शिकायची वेळ आली की त्यांचा आवाज असा व्हायचा.

वहिनीने कप खाली ठेवला. "बाबा, शिकवताना मी सांगत होते तिला. चल, बाजारातून चक्कर मारू. चल, नदीपर्यंत जाऊ. असं."

"म्हणजे तू नियम मोडत होतीस?" दादा म्हणाला.

"लग्न झाल्यापासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"वळणावर कळेल म्हटलं," वहिनी म्हणाली. आई खुदकन हसली. शिट्टीच्याही ओठांचा कोपरा हलला, आणि आवारातली हवा जरा सैल झाली.

"हसताय काय," मास्तर म्हणाले. "माझ्या वडिलांनी घातलेला नियम आहे. काही विचार करूनच घातला असेल ना?"

"हो तर," आई म्हणाली. "मला पक्कं माहीत आहे. त्याच नियमावर त्यांनी मला नापास केलं."

दादा आणि धाकटी दोघांच्या माना एकदम वळल्या.

"तू गाडी चालवायचीस?" धाकटीने विचारलं.

"चालवायचे म्हणजे काय! यांनीच शिकवली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मामंजी परीक्षा घ्यायला बसले. मी पहिल्याच चौकात विचारलं, मामंजी, कुठे जायचंय? वाटलं, कोणाकडे जायचं असेल तर केस तरी नीट करावेत. त्यांनी गाडी तिथेच थांबवली. म्हणाले, सूनबाई, उतरा." आई नवऱ्याकडे वळली. "तुम्ही फाटकात उभे होतात. मी चालत परत आले ते बघितलंत तुम्ही."

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"त्यानंतर तू पुन्हा बसली का नाहीस?"

"पुन्हा बस असं म्हटलं कोणी?"

मास्तरांनी चष्मा घातला, गाडीला एक फेरी मारली, मागच्या चाकाला बुटाच्या टोकाने हलकेच ठोकलं. दुसरी फेरी मारली. मग शिट्टीसमोर येऊन थांबले.

"असं करू," ते म्हणाले. "आज कुठे जायचं ते तूच ठरव. मला सांगू नकोस. मी बसतो नुसता. बघू दे, कसं वाटतं ते."

हा मोठा मान होता. मास्तरांनी आजवर कोणालाही असं म्हटलं नव्हतं. दादाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

शिट्टीने मान हलवली. "नाही मास्तर. सांगते. न सांगता मी कोणाला नेत नाही."

आणि तिने तिथेच, आवाराच्या मधोमध उभं राहून, सगळ्यांना सांगितलं. "आपण आमच्या घरी जायचं. बाजारातून, मग पुलाच्या चढावरून. गाडीत तुम्ही, दादा, आजी आणि ताई. जायला अर्धा तास लागेल. परत मीच आणून सोडते."

"पास झालीस तर," दादा म्हणाला.

"नापास झाले तर चालत येऊ सगळे," आई म्हणाली आणि दार उघडून पहिली आत बसली.

गाडी निघाली. बाजारात नेहमीची झुंबड होती. कोणी हातगाडी आडवी घालत होतं, कोणी फोनवर बोलत खुशाल मधून चालत होतं. शिट्टी दातांतून सूर काढत, थांबत, सरकत, पुन्हा थांबत निघाली. मागच्या सीटवर तिघांची दाटी झाली होती. मध्ये आई दोघांचे हात धरून ताठ बसलेली, आणि तिचं डोकं खिडकीबाहेर गेलेलं नव्हतं. धाकटीला पुढे बाबांचे काळे बूट दिसत होते. ब्रेकच्या पट्टीवर ते टेकलेले नव्हते. वर, बोटभर अंतरावर, अधांतरी थरथरत होते.

"मास्तर," शिट्टी आरशात बघत म्हणाली, "मागे एक स्कूटर केव्हापासून आपल्या मागावर आहे."

पाठलाग. धाकटीने वळून पाहिलं.

"अंतर अजिबात ठेवत नाहीये," शिट्टी पुढे म्हणाली. "लाल हेल्मेट. ओळखीचं वाटतंय. नापास करा तिला."

मागे वहिनी होती. गाडीत बसायला बंदी, म्हणून पठ्ठी स्कूटरवर निघाली होती. दादा मागच्या काचेतून हातवारे करायला लागला, वहिनीनेही उलट हातवारे केले, आणि मास्तरसुद्धा हसले. धाकटीला मोकळं मोकळं वाटलं. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते हसण्यावर ढकललं.

मग पुलाचा चढ आला.

चढ तसा मोठा, आणि त्यात गाड्यांची रांग. अर्ध्यात पोचले आणि पुढची बस गचकन थांबली. शिट्टीने हँडब्रेक ओढला. मागून भोंगे सुरू झाले. वहिनीची स्कूटर बाजूला झाली आणि तिच्या जागी एक भला थोरला ट्रक येऊन नाक लावून उभा राहिला. तोच ट्रक नसेल, पण दादाने तो बघितला आणि पुढच्या सीटची कड धरली.

बस हलली. आणि शिट्टीचा सूर थांबला.

मागच्या वेळी असंच झालं होतं, आधी सूर थांबला होता. धाकटीला वाटलं, श्वास घे, असं म्हणावं, पाय जमिनीला लागलेत ना बघ, असं म्हणावं. रोज ती हेच तर म्हणायची. शब्द जिभेपर्यंत आले.

"ताई, बोलायचं नाही," पुढून आवाज आला.

"मी कुठे बोलले?"

"बोलणार होतात."

शिट्टीने चावीकडे पाहिलं. हात चावीपर्यंत गेला. दादाने डोळे मिटून घेतले. मास्तरांचे बूट अधांतरी तसेच, पण आता थरथरत नव्हते, दगडासारखे ताठ झाले होते. शिट्टीच्या बोटांनी चावीला नुसता स्पर्श केला, आहे ना जागेवर, एवढंच बघितल्यासारखा, आणि ती स्वतःशीच म्हणाली, "पुलापलीकडे उजवीकडे. मग आमची गल्ली. मग घर." क्लच अलगद वर आला, हँडब्रेक सुटला आणि गाडी तसूभरही मागे न जाता चढाला लागली. थोडं पुढे गेल्यावर सूर पुन्हा सुरू झाला, जरा वरच्या पट्टीत.

पुलाच्या माथ्यावर मास्तर एकदम खाली वाकले.

"बाबा! काय होतंय? चक्कर येतेय का?" दादा पुढे झेपावला.

"गप्प बस," आई म्हणाली. तिने दोघांचेही हात एवढे घट्ट आवळले की धाकटीची बोटं दुखली. "नाड्या सोडतायत."

पण नाड्या सुटेनात. मास्तर वाकून खुडबुड करत राहिले. पूल संपला, वळण आलं, शिट्टीने उजवीकडचा दिवा लावला, वळली, तरी गाठ सुटेना.

"दुहेरी गाठ मारलीय वाटतं," आई म्हणाली.

"म्हणजे काढायचेच नाहीत असं ठरवून आला होतात तुम्ही!" दादा जवळजवळ ओरडला. गंमत म्हणजे त्याला मास्तरांचाच राग आला होता, पोरीच्या बाजूने.

"ठरवून नाही रे," मास्तर खालूनच म्हणाले. "भीती वाटत होती."

शिट्टी समोर बघतच म्हणाली, "मास्तर, सावकाश. घर यायला अजून वेळ आहे."

गल्लीच्या तोंडाशी पहिला बूट सुटला, फाटकाच्या थोडं आधी दुसरा. मास्तरांनी गुडघ्यांना हात लावून एकेक पाय वर घेतला आणि परीटघडीच्या विजारीत मांडी घालून बसले. शिट्टीने डावीकडे एकदाच पाहिलं. रडली नाही. गाडी फाटकापाशी अशी लावली की चाक कडेच्या दगडाला घासलंसुद्धा नाही. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तिने अशी सणसणीत शिट्टी मारली की घराच्या खिडक्यांमधून एकेक डोकं बाहेर आलं.

मुली फाटकापर्यंत धावत आल्या. आणि तिथे थांबल्या, रोजच्यासारख्याच. त्यांच्यातून एक पुढे आली. बटण. दहाएक वर्षांची, शर्टाचं वरचं बटण सतत मुठीत धरणारी, म्हणून तिने तेच नाव घेतलं होतं. व्हॅनच्या दारात हात घातला होता तो हिनेच. त्यानंतर ती कोणत्याच गाडीत बसली नव्हती. ती शिट्टीच्या खिडकीशी आली.

"ही तुझी गाडी?"

"मास्तरांची. आता आमची थोडी ओळख झालीय."

"ते असे का बसलेत?"

"मी नीट चालवते म्हणून."

बटणने मास्तरांचे मोज्यांतले पाय नीट निरखले. मास्तर जागचे हलले नाहीत. मग बटणने विचारलं, "कुठे जाणार?"

"तू येणार असशील तर कोपऱ्यापर्यंत. मी, मास्तर, मागे ताई आणि आजी. मास्तर लागतात, कारण माझी पाटी अजून शिकाऊ आहे. कोपऱ्यावरून लगेच परत, याच फाटकाशी. आणि तुझ्या बाजूचं दार आतून उघडतं. बघ उघडून."

दादाला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो आपणहून उतरला, दार उघडंच ठेवलं आणि चांगला लांब, पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. वहिनी हेल्मेट काढून त्याच्याशेजारी गेली. त्याने तिचा हात धरला, आणि कोणी बघतंय का हेही पाहिलं नाही.

बटण आत बसली. दार लावलं. उघडलं. लावलं. उघडलं. कोणी घाई केली नाही. आई जवळ सरकून धाकटीला चिकटून बसली, म्हणजे पोरीला जागा राहील. शेवटी बटणने दार लावलं ते लावून ठेवलं, एक हात मुठीतल्या बटणावर, दुसरा दाराच्या कडीवर.

गाडी चालत्या माणसाच्या वेगाने कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

"कोपरा," शिट्टी म्हणाली. "आता परत."

बटण खिडकीतून बघत होती. कोपऱ्यापलीकडे रस्ता वळत होता आणि पुढचं काही दिसत नव्हतं.

"तिकडे काय आहे? वळणाच्या पुढे?"

मास्तरांचं तोंड सवयीने उघडलं. धाकटीने मागून बघितलं: त्यांनी ते पुन्हा मिटून घेतलं.

"पावाचं दुकान," शिट्टी म्हणाली. "मग एक मोठं झाड. झाडाखाली कुत्रा झोपलेला असतो, तो काही करत नाही. मग शाळेचं फाटक. तिथे वळायला जागा आहे, तिथून परत."

बटणने विचार केला. कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"कुत्र्यापर्यंत जाऊ," ती म्हणाली.

शिट्टीने दिवा लावला. तो टिक टिक करायला लागला, आणि आईने धाकटीच्या कानाशी लागून हळूच विचारलं, "परत येताना ही मला जरा चालवायला देईल का गं?"

"विचार की तिला," धाकटी म्हणाली, आणि गाडी वळली.